सरळ रेषेत

मोबाईल म्हणतो, सोलापूर ते दोहा
दोन हजार सहाशे चाळीस किलोमीटर,
सरळ रेषेत.
विमानाला पावणेचार तास.
त्यात हैदराबादची रात्रीची बस धरलेली नाही,
स्टँडवर पिशवीत कोंबलेली शेंगाचटणी नाही,
दोन वर्षांतून एकदा मिळणारी रजा तर नाहीच.

मामांनी चष्मा पुसला.
विडीच्या लेबलाच्या कोऱ्या बाजूवर
बारीक अक्षरात मांडत गेले:
टॉवेल पाच फूट. एका मागावर दिवसाला ऐंशी.
चार माग. छत्तीस वर्षं.
सुट्ट्या वजा, संप वजा,
आईच्या तेराव्यापर्यंतचे दिवस वजा.
आकडे ते तेलुगूतच मोजतात,
ओठ हलतात नुसते.

मग म्हणाले, "लावण्या,
मी जाऊन आलोय की गं दोह्याला.
जाऊन, परत."

तिकडे ह्यांचं हॉटेल, तळघरात धुलाई,
दिवसभर टॉवेलांच्याच घड्या.
इथे नऊ वाजलेत, तिथे साडेसहा.
फोनला अजून वेळ आहे.
मी सूप मांडीवर ओढलं,
पान कापायला घेतलं.

मामांनी कागदाच्या तळाशी, जुन्या सवयीनं,
तेवढ्या लांबीची मजुरीही काढली.
आणि लेबल उलटं ठेवलं,
छापील बाजू वर.