ठोकळा

एकोणीस वर्षं ती कोठारात उभी होती,
कर्बी स्टीफनच्या वरच्या अंगाला, ब्रॅथवेटांच्या शेतावर,
लोकरीच्या पोत्यांना टेकू देत.
बॉनेटवर कोंबड्यांच्या किती पिढ्या झाल्या
ते मुरिएलबाईंनाही सांगता येईना.
"न्या," म्हणाल्या, "पण चालू झाली तर मला दाखवा."
एवढीच किंमत. वर डझनभर अंडी त्यांनीच दिली.

मी आयुष्यभर कवळ्या केल्या.
मिरजेत शिकलो, केंडलमध्ये पिकलो.
अनोळखी तोंडाचा ठसा पाहून
माणूस कुठल्या बाजूने चावतो, ते सांगायचो.
ही सदुसष्टची लँड रोव्हर म्हणजे तसंच एक तोंड:
इंजिनाची दातखीळ बसलेली,
दुसऱ्या गिअरचे दोन दात पडलेले,
एअर फिल्टरात उंदरीचं बाळंतपण.

हिची कातडी ॲल्युमिनियमची, तिला गंज नाही.
हाडं पोलादाची, आणि ती आतून खाल्लेली.
चासीला स्क्रूड्रायव्हर लावला
तर मुठीपर्यंत गेला, पिकल्या पेरूत जावा तसा.
त्या रात्री जेवताना मी गप्प होतो.
बायको म्हणाली, "कोण गेलं?"

दोन हिवाळे.
सिलिंडरांत तेल सोडायचं, आठवडाभर थांबायचं,
हँडल लावून अंगातलं सगळं बळ काढायचं,
पुन्हा तेल.
वेल्डिंग मला येत नाही. शेजारचा कॅलम यायचा,
सोळा वर्षांचा, शाळा बुडवून;
त्याच्या आईला हे अजून माहीत नाही.
बोल्ट तुटला की माझ्या तोंडून जे निघायचं
ते कॅलमला आता अस्सल मिरजकरासारखं येतं.

क्लचच्या पेडलला निळ्या दोरीने
एक लाकडी ठोकळा बांधलेला होता,
चिखलाने दगड झालेला.
क्लिफर्डरावांची काहीतरी खटपट, मी म्हटलं.
दोरी कापली, ठोकळा शेगडीत टाकला.
चांगला जळला.

चाळिशी ओलांडलेल्या गाडीला इथे परीक्षा माफ असते.
तरी मी तिला बसवलं.
तपासनीस खाली जाऊन बराच वेळ टॉर्च फिरवत राहिला,
बाहेर येऊन म्हणाला, "वायपर मंद आहेत."
म्हटलं, पावसालाही इथे कुठे घाई असते.

मार्चमधल्या एका शनिवारी
ब्रॅथवेटांच्या अंगणात हॉर्न दिला.
मुरिएलबाई हात पुसत बाहेर आल्या,
एक फेरी मारली, मडगार्डवर थाप दिली,
गाभण म्हशीला देतात तशी.
मी डावीकडचं दार उघडून धरलं.
त्या वळसा घालून उजवीकडे गेल्या.
"क्लिफर्डला चालवता कुठे येत होतं?
नजर अधू त्याची. तो फाटकं उघडायचा."

चढून बसल्या. जेमतेम पावणेपाच फुटांची बाई.
डावा पाय क्लचकडे गेला
आणि हवेतच राहिला.
वाकून खाली पाहिलं. मग माझ्याकडे.

मी शेगडीचं नाव काढलं नाही.
कोठारात जाऊन फळीचा तुकडा कापला,
पेडल आणि बूट यांतलं अंतर बोटांनी मोजलं,
कडा घासून गोल केल्या,
जुनी सवय, टोचायला नको.
निळी दोरी खिळ्याला होतीच.
त्यांनी दाबून पाहिलं.
"किंचित उंच लागतोय."
हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकलंय.
अर्धा सूत उतरवला.

मग दोनदा क्लच, मधे एक श्वास,
आणि दुसरा गिअर असा बसला
की मला माझ्या दोन हिवाळ्यांची लाज वाटली.
माझ्या हातात तो कायम दात खायचा.
बाई काही बोलल्या नाहीत. ओढ्यातून घातली,
चढावर पिवळी मूठ दाबली, न बघता.

पहिलं फाटक आलं.
त्यांनी गाडी थांबवली, समोर बघत राहिल्या.
मी उतरलो.