पोच

विद्यापीठाच्या तळघरात अठ्ठ्याहत्तरचं एक खोकं आहे,
सुतळीनं बांधलेलं.
आतल्या पंचनाम्यात गावाचं नाव शाईच्या डागाखाली.
घरं : नऊ. नुकसान : किरकोळ.
झेरॉक्स काढताना मशीनचा उजेड
त्या ‘किरकोळ’वरून दोनदा गेला.

मग मी जिंतूरची एसटी धरली.

लंकाबाई वाव्हळे दारात भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या.
रेकॉर्डर ठेवला सुपाच्या कडेला,
विचारलं, काय काय गेलं?

“लिही,” म्हणाल्या.
“ज्वारीची कणगी. तिच्यातून धा दिस धूर निघत व्हता.
शेळी, गाभण.
भिवाजीची धाव्वीची पुस्तकं. भूगोल तेवढा वाचला,
त्यो दुसऱ्या गावच्या पोरानं मागून नेलता.
शिलाई मशीन. लाकूड गेलं, लोखंड उरलं.
त्याला म्या आजबी शेळी बांधते.”

आणि थांबल्या.

चार मिनिटं अकरा सेकंद.
रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं :
शेंग फुटते, मग बऱ्याच वेळानं दुसरी,
लांब कुणाची तरी बोअर सुरू होते,
माझी खुर्ची करकरते.
नियमावली म्हणते, अशा जागा कापाव्यात,
नाहीतर कंसात लिहावं : निःशब्द.
मी कंस उघडला. बंद करता येईना.

“त्या नावापायी हे समदं. लागलं म्हणं नाव.
कसं दिसतंय रं कमानीवर?”
मोबाइलवर दाखवलं.
त्यांनी बोटानं पुसून पाहिलं,
काचेवरची धूळ की अक्षरं, कळलं नाही.

निघताना संमतीपत्र पुढं केलं, शाईचं पॅड उघडलं.
लंकाबाई हसल्या.
“अंगठे लई दिले, लेकरा.
तलाठ्याला दिला, फौजदाराला दिला,
एकाबी कागदाची पोच न्हाई मला.
आज तू दे.”

कॅलेंडरचं जुनं पान फाडलं त्यांनी.
पणतीनं दप्तरातून पेन काढून मागच्या बाजूला लिहिलं :
पणजीचं बोलणं एक तास बावीस मिनिटं नेलं.
परत आणून ऐकवणार.
खाली माझा अंगठा,
निळा, जरा फिसकटलेला, एम.ए. पीएच.डी.

आता खोक्याशेजारी नवी पेटी आहे, तिला नंबर आहे,
हेडफोन लावून कुणीही ऐकावं.
पोच मात्र इथं नाही.
ती तिकडं पत्र्याच्या ट्रंकेत,
भूगोलाच्या पुस्तकात घडी घालून.

लंकाबाईंच्या दप्तरी माझी नोंद आहे :
येणं बाकी.