बारदान वजा

सांगलीच्या मार्केट यार्डात बावीस वर्षं
मी वजनं लिहिते.
पोती हमाल उचलतात,
काटा थरथरतो, थांबतो, तोलार ओरडतो
आणि मी लिहिते :
एकावन्न तीनशे. पन्नास आठशे. बारदान वजा.
संध्याकाळी शिंकले तरी रुमाल पिवळा.

दिवाळीत मोरीत घसरले.
मनगट मोडलं, एवढ्याशा आवाजात,
पापड मोडल्यागत.
मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडावर धरली :
हाडं भुसभुशीत व्हायला लागलीत.
गोळ्या देते, पण प्लास्टर निघालं की वजन उचला.
घरी सांगितलं तर हे म्हणाले,
वजन? ते काय घरात कमी आहे?

खोटं नव्हतं.
पुराच्या साली भरलेला सिलिंडर मी दोन जिने वर नेला,
मग खाली येऊन सासूबाईंना पाठुंगळी घेतलं.
त्या जिन्यात रामरक्षा म्हणत होत्या, मी पायऱ्या मोजत होते.
पण ते कुठं लिहिलेलं नाही.
मीसुद्धा लिहिलं नाही, जिचं पोटच लिहिण्यावर.

विश्रामबागेत चपलांच्या दुकानावर
तन्जिला मुजावरची व्यायामशाळा. बायकांची वेळ पहाटे साडेपाच.
राज्य पातळीवर उचलायची पोरगी. गुडघा गेला,
आवाज राहिला.
पहिल्याच दिवशी मला काट्यावर उभं केलं :
चौसष्ट.
मी सवयीनं विचारलं, बारदान धरून?
ती हसत हसत जमिनीवर बसली.
मी मात्र घरी जाईपर्यंत हिशेब करत होते,
माझ्यातलं वजा काय करायचं
आणि निव्वळ किती उरतं. जुळलं नाही.

पाठीनं नाही काकू, ती म्हणते,
उचलायचंच नाही. जमीन खाली ढकलायची.
श्वास पोटात धरा, दाराला कडी घातल्यागत.
शेजारी कुंभारांची नवी सून, नवऱ्याचे बूट घालून.
पलीकडे रिटायर तलाठीबाई, दर खेपेला
कुणाला तरी शिव्या देत उठतात. कुणाला, ते सांगत नाहीत.

वीस. पंचवीस. तीस.
तिसावर महिनाभर अडकले.
दोन्हीकडं सव्वा सव्वा किलोच्या चकत्या चढवल्या,
बिस्किटांएवढ्या,
की दांडी जमिनीला रुतायची.
तन्जिलाच्या वहीत माझ्या नावापुढे
दुसऱ्या कुणाच्या अक्षरातले आकडे.
तिचा पाच शेपटी उडवतो. माझा गप्प बसतो.

हळदीचा सीझन भरात असताना पन्नास उचललं.
पहिल्यांदा हललंच नाही.
दुसऱ्यांदा गुडघ्यापर्यंत आलं आणि तिथं
बराच वेळ काहीच घडलं नाही,
मग मी सरळ उभी होते.
टाळ्या नाहीत. तलाठीबाई म्हणाल्या, हं.
तन्जिलानं लिहिलं.

दहा वाजता यार्डात बिराप्पानं पोतं काट्यावर आणलं.
माझ्या तळव्याकडं बघून थांबला.
बाई, ह्ये घट्टे कशाचे वो?
सांगितलं.
त्यानं आपला हात माझ्या हाताशेजारी धरला,
कुणी बघत नाही ना, हे बघून. मग पटकन मागं घेतला.
म्हणाला, पैसं देऊन उचलताय?

तोवर मला काही आठवलं नव्हतं.
दोन वर्षांमागं हमालांनी काटा बंद ठेवला होता,
साठ किलोचं पोतं नको, पन्नासाचं भरा म्हणून.
चार दिवस. मी पंख्याखाली बसून,
मालकांसमोर, मोठ्यानं म्हटलं होतं,
दहा किलोनं काय होतंय.
बिराप्पा तेव्हा दारातच उभा होता.

पन्नास शंभर, तोलार ओरडला.
बाई, लिवा की.

मी लिहिलं.
आकडा तोच, बावीस वर्षांचा ओळखीचा,
पण आज तो बोटांतून खाली उतरत
मांड्यांपर्यंत गेला.
बारदान वजा करताना हात थोडा अडला.
बिराप्पा पुढचं पोतं आणायला वळला होता.
वाकताना तो पाठीनं वाकतो.
कुणी सांगितलेलं नाही त्याला.