विषय क्रमांक सात

पंधरवड्याची बैठक, दुपारी साडेतीन.
चारला वीज जायची असते
म्हणून एक ते सहा भराभर मंजूर:
टिंटोवरचा दिवा, सोपोचा लिलाव,
फेस्ताच्या मंडपाला ना हरकत
आणि जत्रेच्या मांडवालाही, त्याच ओळीत, लगेच,
नाहीतर उद्या दोन्हीकडून माणसे येतात.

मग सात.
सर्व्हे नंबर एकशे अठरा, उपविभाग दोन,
खाजनातल्या शेताला दगडी भिंत.
अर्जदाराचे आडनाव वेगळे.
पण कोण कोणाचा मेहुणा
हे कळायला आमच्या गावात
उतारा काढावा लागत नाही.

मी नियमाचा कागद पुढे सरकवला.
सरपंच हसले. "वाचलां गो, बाय."
आणि पुंडलिक तारी उठून व्हरांड्यात गेले.
मी लिहिले:
हितसंबंध असल्याने सरपंच सभागृहाबाहेर.
वेळ चार वाजून दोन मिनिटे.
अक्षर चांगले आले.

खुर्चीच्या पाठीवर टॉवेल राहिला.
टेबलावर चष्म्याचे घर, किल्ल्या,
किल्ल्यांना पितळी मासा,
त्याचे तोंड आमच्याकडे.
खिडकी उघडी होती, उकाडा केवढा.

उपसरपंच आवेलिन फुर्तादो म्हणाल्या,
कोणाला काही बोलायचे आहे?
बाहेर एक खोकला.
सगुण जल्मी, ज्याने कालच
चहा थंड होईपर्यंत या भिंतीला शिव्या घातल्या होत्या,
पेल्याखालचे पाण्याचे वर्तुळ
बोटाने पुसत बसला.
दुसरा खोकला, जरा लांबलेला.
हात वर झाले. पाच.
मग जल्मीचा, कोपरापर्यंतच.
तो मी पूर्ण धरला.

खोकल्याला रजिस्टरात रकाना नाही.

तालुक्याला प्रशिक्षण झाले तेव्हा साहेब म्हणाले होते:
संबंध जाहीर करायचा,
चर्चेत बसायचे नाही,
मत द्यायचे नाही.
मी विचारले, आणि खिडकी?
सगळे हसले. बटाटवडे आले.
मीही हसले.

खरे तर मला हसायला हरकत नव्हती.
माझा धाकटा कचरा शेडवर लागला
तो तारींच्याच शब्दाने,
मार्चच्या बैठकीत, विषय क्रमांक अकरा.
त्या दिवशी मी बाहेर गेले नाही.
मी गेले असते तर
लिहिणार कोण?
असे मी स्वतःला सांगितले,
आणि स्वतःने ते
एकमताने मंजूर केले.

घरी बांधावरून जाते मी.
वाटेत पाण्याचे दार, मानस म्हणतो आम्ही.
संध्याकाळी भरती चढत होती.
खारे पाणी लाकडी झडपांना भिडले
आणि झडपा मिटल्या,
कोणी सांगितले नाही, कोणी नोटीस काढली नाही,
जोर आला त्याच बाजूने
दार बंद.
ओहोटी लागली की उघडेल, तेही आपसूक.
आजोबांच्या आजोबांनी कोणीतरी
हे सुचवले असणार, गुडघाभर चिखलात,
ठराव न करता.

खाली एक फळी कुजली आहे.
कुर्ल्यांनी पोखरलेल्या भोकातून
बारीक धार आत येत होती.
शेत हिरवेगार.
त्याला अजून कळलेले नसावे.

सकाळी कार्यालय उघडून मी रजिस्टर काढले.
सातच्या खाली दोन बोटे जागा होती.
लिहिले:
चर्चेदरम्यान व्हरांड्यातून दोनदा
खोकल्याचा आवाज आला.
त्याखाली, पेन थांबायच्या आत,
मार्चची तारीख, विषय अकरा,
अर्जदार सचिवांचा मुलगा,
सचिव सभागृहातच होत्या.
आणि सही.

पुढच्या बैठकीत आधी
मागचे इतिवृत्त वाचून कायम करतात.
वाचायचे मीच, उभे राहून, मोठ्याने.
त्याआधी एकदा
घसा खाकरावा लागेल मला, बहुतेक.