दम धर

स्कार्बरो, १९२४. पत्रकार आत्ताच येऊन गेला,
चहा अर्धा टाकून. त्याला हवं होतं,
काचेच्या टाकीत कसं वाटायचं.
मी म्हटलं, गार.
त्यानं तेवढंच लिहून घेतलं.

बापाचं घड्याळ त्याला दाखवता आलं असतं, विकलं नसतं तर.
लोक त्याला प्रोफेसर गार्बट म्हणायचे. होता न्हावी.
झाकण टक्‌कन उघडायचा, म्हणायचा, दम धर,
की आम्ही तिघं पाण्याखाली:
सेलिना, मी, आणि ऑब्री,
जो सलग चार उन्हाळे सहा वर्षांचा होता.

खाली सेलिना सदऱ्याला बटण लावायची.
मी बन खायचे, बेदाणे मोजत.
ऑब्री दुधाची बाटली रिती करून
काचेला लावून दाखवायचा,
आणि बायका डोळ्यांना पदर नाही, हातमोजे लावायच्या.
साबणाच्या वेष्टनावर आमची तोंडं होती.
लीड्सच्या एका बाईनं तीन मांजरांना आमची नावं ठेवलेली,
दर नाताळला त्यांची खुशाली कळवायची.
'हेस्टर' मेली तेव्हा काळ्या काठाचा कागद आला.
तो मी बरेच दिवस उशीखाली ठेवला.

आम्हाला पाण्यात पाहणाऱ्यांनी आमच्यावर फार प्रेम केलं.
मागे सहा पेन्स, पुढच्या रांगेत शिलिंग.
वर आलो की टॉवेलच्या आधी हात यायचे,
केस पिळून बघायचे, खरंच ओले आहेत का.
चर्चमध्ये, दात काढायला गेलो तिथंसुद्धा
कुणीतरी खिशातून घड्याळ काढायचं:
आत्ता किती धरशील, पोरी?
रात्री तिघांना एक गादी,
पडद्यापलीकडे बाप नाणी मोजतोय.
तिथंही आम्ही श्वास चोरूनच घ्यायचो.

म्हणून बोलणं व्हायचं ते पाण्यातच.
काचेकडे पाठ करून, एकमेकांच्या तळहातावर.
एक टिचकी: भूक.
दोन: आज तो पिऊन आलाय.
तीन टिचक्या ऑब्रीनं काढल्या होत्या,
अर्थ कधी सांगितला नाही.
द्यायचा आणि हसायचा,
नाकातून एक बुडबुडा.

ब्याऐंशीचा ऑगस्ट, बँकेच्या सुट्टीचा सोमवार.
सेलिना सतराची. पोस्टरवर बाराची,
म्हणून बाप पट्टीनं छाती आवळून बांधायचा.
त्या दुपारी टाका घालता घालता तिनं सुई थांबवली.
मी वर आले. ऑब्री वर आला.
ती नाही.
दोन मिनिटं. अडीच. लोक मोठ्यानं आकडे म्हणू लागले,
ढोलवाल्यानं ढोल धरला.
तीन मिनिटं वीस. बाप हसतच होता,
ओठ मात्र पीठ लावल्यासारखे.
मग ती सावकाश शिडी चढली
आणि तशीच ओल्या अंगानं गर्दीतून दाराकडे निघाली.
लोकांनी टाळ्या वाजवत वाट दिली.
त्यांना वाटलं, हाही खेळातलाच भाग.

बापानं दुसऱ्या दिवशी विक्रम छापून घेतला.
विहिरी गाळणारा आणतात तसा माणूस आणून
टाकी उपसली, सुई शोधायला.
सेलिनाला कुणी शोधलं नाही.

ऑब्रीनं पुढे फायलीला तंबाखूचं दुकान काढलं.
दर रविवारी यायचा, हवेबद्दल बोलायचा,
टोपी घ्यायचा, जायचा.
कोरड्यात आम्हाला बोलता येत नव्हतं.

या फेब्रुवारीत, इस्पितळात,
डॉक्टर त्याची नाडी धरून घड्याळ बघत होता.
ऑब्रीनं दुसरा हात माझ्याकडे सरकवला.
तीन टिचक्या.
विचारावं म्हणून मी वाकले, तर
छाती फुगवून बसलेला, गाल घट्ट,
सहा वर्षांचा.

सोड, मी म्हटलं.
आता सोड रे.