कंट्रोल-ए

मे महिना, रात्रीचे पावणेदोन.
तांडापेठेतल्या घरात कूलर घरघरतोय,
वाळ्याची ताटी अर्धी सुकलेली
आणि मांडीवरचा लॅपटॉप तिच्याहून तापलेला.
बिलांचा जुना सर्व्हर परसोडीला,
सकाळी सहाला कायमचा बंद व्हायचाय.
त्याच्या पोटातलं मी नव्यात ओतते आहे
ओळीमागून ओळ.

फोनवर अंकुश हेडाऊ:
"मॅडम, तुम्ही अजून स्क्रीनच वापरून राहिल्या? काहून?
झेलिज घ्या ना. खालच्या पट्टीवर सगळं लिहून येते,
कोणतं बटन दाबलं की काय होते.
पाठ कराचं कामच नाही."

पाहिलं मी ते. देखणं आहे.
पण ती पट्टी पंगतीतल्या वाढप्यासारखी,
दर घासाला विचारणार, आणखी काय वाढू?
मला तोंड बंद ठेवून जेवायची सवय.

टीमक्स माझ्या नोकरीएवढं.
उभी चीर, आडवी चीर,
एका चौकटीत कॉपी, एकीत लॉग,
तिसरीत मशीनचं तापमान. नागपुरात ते लागतंच.
फक्त त्याची गुरुकिल्ली कंट्रोल-बी:
करंगळी एका टोकाला, तर्जनी दुसऱ्या,
हात असा ताणायचा की जणू
नवऱ्या मुलाचे आईवडील एका फोटोत बसवतोय.

स्क्रीन मला कुंभलकर सरांनी शिकवलं.
पहिल्याच दिवशी म्हणाले,
"लाइन तर जातेच. ते आपल्या हातात नाही.
लाइन गेली म्हणून काम गेलं नाही पाहिजे."
लाइन म्हणजे वीज की नेट, मी विचारलं नाही.
दोन्ही एकदमच जायचे.

याच खोलीत बाबांचा हातमाग होता.
जेवायला हाक आली की धोटा मधेच ठेवून
खड्ड्यातून पाय वर घ्यायचे,
अर्ध्या लुगड्यावर जुनं धोतर टाकायचे.
सकाळी त्याच धाग्यापासून पुढे.
याला डिटॅच म्हणतात
हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.
खड्ड्यावर आता फरशी, फरशीवर कूलर.

दोन वीस. लाइन गेली.
कूलरचं पातं थकत थकत थांबलं,
गल्लीतून एकदम माणसांचे आवाज.
मोबाइलचं नेट जोडून परत शिरले
आणि विचारलं, कोण कोण जागं आहे?
उत्तर आलं: दोन.
एक मी.
दुसरं सेशन तीन वर्षांपूर्वीचं, नाव कुंभलकर.

उघडलं.
काळ्या पडद्यावर एकच कमांड,
जुन्या बिलांचं अख्खं फोल्डर पुसायची.
सगळी टाइप केलेली, एंटर तेवढा बाकी.
शेवटी कर्सर उघडझाप करत
तीन वर्षं.

चहाला उठले होते? की हात थांबला?
मी कीबोर्डपासून बोटं दूर धरली,
गरम तव्यापासून धरावीत तशी.

सर साडेपाचला अंबाझरीला फिरायला जातात.
फोन लावला. धाप ऐकू आली, मागे कोकिळा.
सगळं सांगितलं.
बराच वेळ नुसती पावलं.
मग म्हणाले, "एंटर नाही दाबला मी?"
"नाही सर."
"मंग बरोबरच असन."
आणि माझ्या कूलरला पंप कोणत्या कंपनीचा, ते विचारत बसले.

ती ओळ मी पुसली नाही, चालवलीही नाही.
कंट्रोल-ए, डी.
होतं तसं झाकून ठेवलं.

नव्या मशीनवर टीमक्स टाकलं,
अंकुशला कळवलं. त्याने अंगठा पाठवला.
त्याला हे नाही सांगितलं
की सेटिंगच्या फाइलीत पहिलीच ओळ लिहून
मी कंट्रोल-बी काढलं
आणि कंट्रोल-ए बसवलं.

सहा पाचला परसोडीहून निरोप: बंद केला.
लाइन अजून आलेली नव्हती.
वर गच्चीत बाबा गादी गुंडाळत होते,
एक टोक पायाखाली दाबून, घट्ट.