रिगार्ड्स

ग्रिम्सबीच्या फिश फॅक्टरीतून डोरीन ऑल्सपला पत्र आलं.
सुरुवातीलाच: रिगार्डिंग तुमची नोकरी.
मग चार ओळी, थंड, सुबक,
आणि तळाशी, सहीच्या वर: काइंड रिगार्ड्स.

एकच शब्द. वर म्हणजे 'बाबत',
खाली म्हणजे 'आदरपूर्वक'.
मधे तिची एकोणीस वर्षं
हॅडॉकसारखी, काटे काढून ठेवलेली.

तिने चष्मा शोधला. धाकटीची शाळेतली डिक्शनरी काढली,
पान चिकटलेलं, जॅमनं असावं.
मान. काळजी. संबंध.
आणि एक जुना, मागे पडलेला अर्थ:
बघणे. थांबून, नीट बघणे.

अस्सं, म्हणाली ती, आणि किटली ठेवली.
मिस्टर थ्रेलफॉल रोज सकाळी लाइनवरून जायचा
पाटीवरच्या कागदावर आकडे टिपत.
नजर कधी तिच्या हातमोज्यांच्या वर आली नाही.
एकदा बोट कापलं, तेव्हा म्हणाला,
बर्फावर रक्त नको.

तिच्याकडे बघितलं ते माशांनीच.
रोज, हजारोंनी,
पापणी न लववता.